बेइरा: बंदराला उधाण हवं, नाल्याला ओहोटी

बेइरात तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला तर शहरात पाणी किती तुंबेल? हे पावसाइतकंच घड्याळावर ठरतं. ओहोटी लागलेली असेल तर रस्त्यावरचं पाणी काही तासांत उतरायला लागतं. तोच पाऊस उधाणाच्या ऐन भरतीला आला, तर समुद्र नाल्याचं तोंड दाबून बसतो आणि पाणी जागचं हलत नाही. या शहरातलं जवळजवळ प्रत्येक काम असं भरतीच्या वेळेला बांधलेलं आहे, मग ते नाल्याचं असो, बंदराचं असो की वादळातल्या बचावाचं.

बेइरा ही मोझांबिकच्या सोफाला प्रांताची राजधानी. २०१७च्या जनगणनेत वस्ती सव्वापाच लाखांच्या वर भरली. पुंग्वे नदी हिंदी महासागराला मिळते तिथे, तिच्या डाव्या काठावर हे शहर आहे. बुझी नदीही त्याच खाडीत येऊन मिळते. पोर्तुगिजांनी १८८७मध्ये इथे ठाणं घातलं. जागा निवडली ती आतल्या मुलखात शिरायला नदी आणि बंदर मिळतं म्हणून. राहायला म्हणाल तर ती वाईटच होती: खाजण, कांदळवन, मधूनमधून वाळूचे उंचवटे. त्या उंचवट्यांवर गोऱ्यांची वस्ती झाली, खोलगट भागात बाकीच्यांची. ती वाटणी आजही पावसाळ्यात पाण्याच्या रेषेवरून ओळखता येते.

भरती एवढी मोठी का

मुंबईत मोठ्या उधाणाला समुद्राची पातळी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते. बेइरात हा फरक सहा मीटरच्या वर जातो, म्हणजे दुमजली घराएवढा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एवढी भरती क्वचितच कुठे सापडेल.

चंद्र तोच, ओढही तीच. फरक समुद्राच्या तळाचा. बेइरासमोर सोफाला बँक नावाचा उथळ पट्टा आहे, शंभर किलोमीटरहून रुंद. खोल समुद्रातली भरतीची लाट जेमतेम काही वीत उंच असते, पण ती या उथळ पट्ट्यावर चढली की तिचा वेग मंदावतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि लाट उंच होते. त्यात किनारा इथे आत वळलेला आहे, आणि मोझांबिक व मादागास्कर यांच्यामधल्या सामुद्रधुनीत भरतीची लाट मुळातच फुगते. खंभातच्या आखातात जे होतं त्याच जातीचा हा प्रकार.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला चढउतार उधाणाच्या निम्म्याहूनही कमी असतो. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला हे वेगळं सांगायला नको, पण पुढचं सगळं या दोन शब्दांवर उभं आहे म्हणून आधी सांगून ठेवलं.

शहर म्हणजे परात

शहराच्या मोठ्या भागातली जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मग समुद्र रोज आत का येत नाही? कारण किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्यांची एक कड आहे. त्यावर सुरूची झाडं लावलेली आहेत, आपल्या किनाऱ्यावर लावतात तशीच. परातीची कड उंच आणि मधला भाग खोलगट, असा हा आकार. कड पाणी बाहेर ठेवते, पण आत पडलेला पाऊसही तीच अडवते. वर्षाला सरासरी १५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये.

या परातीला भोकं पाडावी लागतात, आणि त्या भोकांतून समुद्र आत येऊ नये याची तजवीजही करावी लागते. रायगडात खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, गोव्याच्या खाजनात तिलाच मानस म्हणतात. बेइराच्या नाल्यांच्या तोंडाशी त्याच तत्त्वावरच्या झडपा आहेत, फक्त लाकडाऐवजी लोखंड-काँक्रीटच्या आणि आकाराने मोठ्या. वरून बिजागरीवर टांगलेली झडप असेल तर आतलं पाणी उंच झालं की ती आपोआप ढकलली जाऊन उघडते, बाहेरचं उंच झालं की दाबून बंद होते. वर-खाली सरकणारा दरवाजा असेल तर माणसाला तिथे हजर राहून तो चालवावा लागतो.

आता हिशेब करू. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लाख घनमीटर पाणी, दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. हे पाणी वाहून न्यायला २४ तास मिळत नाहीत. नाल्याच्या तोंडाचा तळ साधारण मध्यम समुद्रपातळीला धरला, तर साडेबारा तासांच्या फेऱ्यात झडप जास्तीत जास्त सहाएक तास उघडी राहील. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण बाहेरचं पाणी नुसतं तळाखाली जाऊन भागत नाही. आतल्या आणि बाहेरच्या पातळीत पुरेसा फरक पडल्याशिवाय पाण्याला वेग येत नाही. जमीन इतकी सपाट की नाल्याला उतार द्यायचा म्हटलं तरी किलोमीटरमागे फार तर वीत-दीड वीत मिळतो. नाल्यात कुठे हातभर गाळ साचला की तेवढा उतार संपतोच.

भांगाचे दिवस इथे फसवतात. भरती फार चढत नाही म्हणून बरं वाटतं, पण ओहोटीही पुरती लागत नाही. पाणी रेंगाळतं. उधाणाला उलट: झडप बराच वेळ घट्ट बंद, पण एकदा उघडली की समुद्र इतका खाली गेलेला असतो की नाला धबधब्यासारखा रिकामा होतो.

झडप बंद असतानाचं पाणी ठेवायचं कुठे, हा खरा प्रश्न. त्यासाठी साठवण तळं लागतं. समजा त्या चौरस किलोमीटरवर झडप बंद असलेले सहा तास ताशी २० मिलिमीटर पाऊस पडतोय. १,२०,००० घनमीटर झाले. दहा हेक्टरांचं तळं असेल तर ते सव्वा मीटरने चढेल. पण हे तळं पाऊस सुरू होताना रिकामं असेल तरच. म्हणून पावसाचा इशारा मिळाला की आदल्या ओहोटीलाच तळं उतरवून ठेवायचं असतं. ही ओहोटी चुकली तर पुढची १२ तासांनी.

पंप का लावत नाहीत, हा प्रश्न मुंबईकराच्या मनात येणारच. मुंबईत हाजी अलीसारख्या उदंचन केंद्रांमधला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. वरच्या उदाहरणातला ताशी २० मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस किलोमीटरला सेकंदाला साडेपाच हजार लिटर. थोडक्यात, दर चौरस किलोमीटरमागे तसा एक पंप, त्याला अखंड वीज, वर जनरेटर, डिझेल आणि सुटे भाग. आणि चक्रीवादळात सगळ्यात आधी काय जातं, तर वीज. बेइरासारख्या शहराने गुरुत्वावर चालणारी झडप आणि तळं निवडलं, ते आमच्या मते शहाणपणाचं होतं.

हे काम झालं ते असं. महापौर दाविझ सिमांगो स्वतः स्थापत्य अभियंता. २००३पासून २०२१मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हा विषय सोडला नाही. डच मदतीने २०३५पर्यंतचा शहराचा आराखडा तयार झाला. जर्मन मदतीने चिवेवे या शहराच्या पोटातून वाहणाऱ्या, गाळाने आणि कचऱ्याने मेलेल्या छोट्या नदीचा गाळ काढला, मासेमारी बंदराजवळ तिच्या मुखाशी भरतीवर ताबा ठेवणारं दार बसवलं, काठाला कांदळवन पुन्हा लावलं. पुढे तिथे बागही झाली. चिवेवेचं दार पूर्ण बंद ठेवत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कांदळवनाला खारं पाणी रोज आत-बाहेर हवं असतं. दार कायम बंद केलं तर झाडं मरतात आणि गाळ पुन्हा साचतो. म्हणून एरवी भरतीला मोजकी वाट द्यायची आणि पावसात अडवायची. याशिवाय जागतिक बँकेच्या पैशातून ११ किलोमीटर नाले रुंद करून बांधून काढले, समुद्राच्या टोकाला झडपांचं ठाणं केलं आणि साठवण तळं खोदलं. ते २०१८पर्यंत उभं राहिलं.

मग बिघडतं कुठे? सर्वात साधा बिघाड म्हणजे झडपेत अडकलेली वस्तू. ओहोटीच्या पाण्याबरोबर आलेला ओंडका किंवा पिशव्यांचा गठ्ठा झडप आणि चौकटीच्या मध्ये बसला की ती मिटत नाही, आणि पुढच्या भरतीला समुद्र त्या फटीतून शहरात शिरतो. त्यासाठी झडपेच्या आतल्या बाजूला जाळी लावतात. मग जाळी कचऱ्याने बुजते आणि पाणी बाहेर जात नाही! दर ओहोटीला कुणीतरी दाताळ्याने जाळी साफ करणं, हा या कोट्यवधींच्या व्यवस्थेतला सर्वात स्वस्त आणि सर्वात आधी सुटणारा भाग आहे. दुसरं, बिजागऱ्या. खाऱ्या हवेत त्या गंजून जड होतात, आणि पाण्याचा थोडा दाब आला तरी उघडायला हवी ती झडप बराच दाब येईपर्यंत उघडत नाही. तिसरं, रस्त्याखालच्या मोऱ्या. नाला चार मीटर रुंद करायचा आणि रस्त्याखाली जुनी एक मीटरची नळी तशीच ठेवायची, तर नाला एक मीटरचाच राहतो.

घराची जोती आणि शौचखड्डे

मुन्याव्हासारख्या खोलगट वस्त्यांमध्ये मुख्य नाला सुधारला तरी घरात पाणी शिरतं, कारण घरापासून नाल्यापर्यंतची वाट नसते. शहराच्या हद्दीतच लोक सखल जागी भात लावतात, यावरून जमीन किती पाणथळ आहे याची कल्पना यावी. जो तो आपलं जोतं भर टाकून उंच करतो. एकाने अर्धा मीटर भर टाकली की त्याचं पाणी शेजाऱ्याकडे जातं. शेजारी भर टाकतो. शेवटी सर्वात गरीब घर सर्वात खाली उरतं आणि मधली बोळ नाला होऊन बसते. भर टाकायला माती जवळच्याच खड्ड्यातून काढली, तर तो खड्डा डासांचं तळं होतो. भर टाकण्याआधी आजूबाजूची पातळी ठरवून पाण्याची वाट मोकळी ठेवायची, एवढाच नियम. पाळणं मात्र अवघड, कारण पाऊस कुणाची वाट बघत नाही.

पटकन डोळ्यांत न येणारी गोष्ट जमिनीखाली आहे. पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खणलेला शौचखड्डा खालूनच भरतो. खड्ड्यातली घाण आणि उथळ विहिरीतलं पाणी एकाच पातळीला येतात. कॉलरा इथे अधूनमधून डोकं काढतो तो या वाटेने. अशा जागी खड्डा खोल खणणं हा उलटा उपाय. खड्डा उथळ ठेवून वरचा भाग जमिनीबाहेर उंच बांधायचा, बंद टाकी करायची आणि ती उपसायची सोय ठेवायची, हे चालतं.

इदाई: भांगावर निभावलं

१४ मार्च २०१९च्या रात्री इदाई चक्रीवादळ बेइराजवळ किनाऱ्याला धडकलं. मोझांबिकमध्ये ६००हून अधिक माणसं गेली. शहरातल्या बहुतेक छपरांचे पत्रे उडाले, वीज आणि फोन बंद पडले.

चक्रीवादळात वारा समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकलतो. उथळ समुद्र असेल तर ते पाणी परत तळाशी वाहून जाऊ शकत नाही आणि फुगवटा वाढत जातो. सोफाला बँक इथेही वैरी ठरते. दक्षिण गोलार्धात वारा वादळाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. वादळ पश्चिमेकडे चाललेलं असेल तर केंद्राच्या डाव्या, म्हणजे दक्षिण अंगाला वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. फुगवट्याचा जोर तिकडे. आपल्याकडच्या वादळांचा अंदाज इथे लावायला गेलं तर बाजू उलटते.

आता तारीख पुन्हा पाहा. १४ मार्च २०१९ म्हणजे फाल्गुन शुद्ध अष्टमी. भांग. इदाईचा फुगवटा वर्षातल्या मोठ्या भरतींपैकी एकीवर स्वार झाला असता तर पाणी कितीतरी वर चढलं असतं, आणि होळीची पौर्णिमा सहाच दिवसांवर होती. प्राया नोव्हासारख्या, अगदी पाण्याच्या काठावरच्या मच्छीमार वस्तीची तरीही धूळधाण झाली. म्हणून इदाई सोसलं म्हणजे बेइरा वादळाला पुरून उरलं, असा निष्कर्ष कुणी काढू नये. नवे नाले झाले होते त्या पट्ट्यात पावसाचं पाणी तुलनेने लवकर उतरलं; पण नाले पावसासाठी आहेत, समुद्राच्या फुगवट्यासाठी नाहीत.

दुसरा तडाखा आतून आला. डोंगराळ भागात पडलेला पाऊस एक-दोन दिवसांनी पुंग्वे आणि बुझी यांच्या सपाट खोऱ्यांत उतरला आणि शहराच्या पश्चिमेला समुद्रासारखं पाणी पसरलं. शहराला बाकी देशाशी जोडणारा एन-६ महामार्ग तुटला. बाहेर पडायची वाट उरली ती हवाई किंवा सागरी. भारतीय नौदलाची सुजाता आणि शार्दूल ही जहाजं आणि तटरक्षक दलाचं सारथी त्या सुमारास त्याच समुद्रात होती. ती बेइराकडे वळवली गेली आणि मदतीला पोचलेल्या पहिल्या परदेशी पथकांत त्यांचा समावेश होता. कॉलरा मार्चअखेरीस जाहीर झाला, रुग्ण सहा हजारांच्या पुढे गेले, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तोंडावाटे लशीची मोठी मोहीम निघाली.

बंदराचा हिशेब उलटा

नाल्याचा माणूस ज्या उधाणाला घाबरतो, त्याचीच बंदरातला पायलट, म्हणजे जहाज आत-बाहेर नेणारा वाटाड्या, वाट बघत असतो. बेइरा बंदरात शिरायचा मार्ग उथळ वाळूच्या दांड्यांमधून खणून काढलेला आहे. खोलीची मोजणी सर्वात खालच्या ओहोटीपासून करतात. ती इथे साधारण ८ मीटर धरली आहे. मालाने भरलेलं जहाज पाण्याखाली ११ मीटर बुडालेलं असेल आणि तळाखाली किमान एक मीटर मोकळं पाणी हवं असेल, तर एकूण १२ मीटर लागतात. म्हणजे भरतीने चार मीटर दिले तरच जहाज हलणार. उधाणाला ते काही तास मिळतात. भांगाला जेमतेम, नाहीतर नाहीच. मग जहाज कमी माल भरतं किंवा बाहेर नांगर टाकून थांबतं, आणि थांबण्याचा प्रत्येक दिवस भाड्यात वाढतो.

पुंग्वे आणि बुझी गाळ आणतात, लाटा वाळू ढकलतात, त्यामुळे हा मार्ग खणून सोडून देता येत नाही. दरवर्षी काही दशलक्ष घनमीटर उपसावे लागतात. यादवी युद्धात आणि त्यानंतर उपसा मागे पडला तेव्हा मार्ग इतका भरला की २०१०-११मध्ये मोठं तातडीचं काम काढून तो मूळ खोलीवर आणावा लागला.

एवढा खटाटोप कशासाठी? बेइराच्या पाठीशी समुद्र नसलेले देश आहेत. झिंबाब्वेच्या सीमेवरचं माशिपांडा रेल्वेने ३१७ किलोमीटर. मलावी आणि झांबिया यांचा मालही इकडून जातो. तेलाची नळवाहिनी इथून झिंबाब्वेत जाते. १९६५मध्ये ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा तिचं तेल अडवायला ब्रिटिश नौदलाने १९६६पासून १९७५पर्यंत बेइरासमोर पहारा ठेवला होता. दुसरी रेल्वे म्हणजे ‘सेना’ नावाचा मार्ग. झांबेझीवरच्या दोना आना पुलावरून मोआतिझेच्या कोळसा खाणींकडे जाणारी. युद्धात उद्ध्वस्त झालेली ही लाइन बांधून चालवण्याचं काम २००४मध्ये राइट्स आणि इरकॉन या भारतीय सरकारी कंपन्यांच्या गटाला मिळालं होतं. कामाच्या गतीवरून आणि दर्जावरून वाद झाला आणि मोझांबिक सरकारने करार मोडला.

मराठी स्वयंपाकघराशी असलेला धागा तुरीचा. २०१६मध्ये भारत आणि मोझांबिक यांच्यात तूर खरेदीचा सरकारी करार झाला. मोझांबिक आणि मलावीची तूर नाकाला आणि बेइरा या बंदरांतून भारतात येते. नवी तूर तिकडे साधारण ऑगस्टपासून बाजारात येते, म्हणजे आपल्याकडे मागचा साठा आटत आलेला असतो तेव्हा. लातूरच्या बाजारात भाव बघणारे या बंदरांची खबर ठेवतात ते त्यामुळे.

उपशातली वाळू

उरला परातीच्या कडेचा प्रश्न. माकुतीच्या किनाऱ्यावर, जिथे जुनं दीपगृह आहे, वाळू किनाऱ्याला समांतर सरकत राहते. ती धरून ठेवायला समुद्रात आडव्या भिंती घातलेल्या आहेत. एका बाजूला वाळू साचते, दुसऱ्या बाजूला खरवडली जाते. एक भिंत मोडली की तिच्या आश्रयाची वाळू पुढच्या काही पावसाळ्यांत निघून जाते आणि मागची टेकडी उघडी पडते. टेकडीवरून बांधकामासाठी वाळू उचलणं आणि सुरू तोडून वाटा पाडणं यांनी ते काम आणखी सोपं होतं. मोठ्या फुगवट्यात पाणी आधी अशा खाचेतूनच आत घुसतं.

यावरचा उपाय म्हणजे किनाऱ्यावर बाहेरून वाळू आणून टाकणं, आणि वाळू तर बंदराचा मार्ग उपसताना निघतेच. पण उपशात चिखलही असतो. चिखल किनाऱ्यावर टाकला तर पहिल्याच लाटांत धुऊन जातो. त्यामुळे मार्गाच्या कोणत्या टप्प्यात वाळू आणि कोणत्या टप्प्यात चिखल हे आधी नमुने काढून बघावं लागतं, आणि वाळूच्याच टप्प्यातला माल किनाऱ्याकडे वळवावा लागतो. तो उतरवायचा तर उपसा करणाऱ्या जहाजाला उथळ पाण्यात किनाऱ्याच्या शक्य तितकं जवळ यावं लागतं, नळी जोडावी लागते, आणि पाणी उतरायच्या आत परत खोल समुद्रात निघावं लागतं. त्यासाठी भरतीचे जेमतेम दोन-तीन तास मिळतात.